अँबॅसिडरचं तोंड कापायचं की बोल्ट सैल करायचे?

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९७३ ची मार्क टू अँबॅसिडर आहे, मूळ १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन अजून शाबूत आहे, आणि रविवारी स्वतः हात काळे करायची हौस आहे. पण साठी जवळ आली, बॉनेटखाली ओणवं होऊन स्टार्टर काढताना कंबर धरते. धुळ्याच्या एका मिस्त्रीने सुचवलं की बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि शो, म्हणजे समोरचा जाळीचा पत्रा, एकजीव करू, पुढे बंपरपाशी बिजागऱ्या लावू, म्हणजे स्टँडर्ड हेरल्डसारखं अख्खं तोंड पुढे कलंडेल. मग टायरवर बसून खुशाल काम करा. करावं का, आणि त्याने क्लचचं कामही सोपं होईल का?

करू नका. मी तीस वर्षांवर जळगावात पत्र्याचं काम करतोय, आणि हेच काम मी एकदा केलेलं आहे, म्हणून सांगतो. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हेरल्डचं बघू, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र असतं.

हेरल्ड इंग्लंडमध्ये ट्रायम्फने १९५९ साली काढली, आणि १९६१ पासून मद्रासला स्टँडर्डच्या नावाने ती जुळू लागली. इंजिन ९४८ सीसी, इकडे शेवटपर्यंत तेच राहिलं. तिचं तोंड उचललं की इंजिन, स्टिअरिंग, सस्पेन्शन सगळं ताटात वाढल्यासारखं समोर. पण ही सोय कुणी मेकॅनिकच्या कंबरेचा विचार करून दिलेली नव्हती. कंपनीला ज्या कारखान्याकडून अखंड बॉडी मिळायची तो प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. मग वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी दाबून घ्यायचे आणि खाली स्वतंत्र चासी देऊन तिच्यावर बोल्टने बसवायचे, असा मार्ग निघाला. म्हणजे हेरल्डमध्ये पत्रा भार उचलतच नाही, भार चासी उचलते. तोंड काढून बाजूला ठेवलं तरी गाडी तशीच उभी राहते आणि चालतेही.

जीपचंही तसंच. सीजे थ्री बीचं बॉनेट उंच का, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. त्यात हरिकेन इंजिन आलं, त्याचे इनटेक व्हॉल्व वरच्या हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून बॉनेट आणि समोरची जाळी उंच केली. इंजिनासाठी बॉडी बदलण्याचं यापेक्षा सरळ उदाहरण नाही. पण तिथेही खाली शिडीसारखी चासी आहे. जाळीचे बोल्ट काढा, रेडिएटर उचला, इंजिन पुढे ओढून घ्या. रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांच्या जीपगाड्या मी अशा अर्ध्या दिवसात मोकळ्या केल्या आहेत.

अँबॅसिडरला स्वतंत्र चासी नाही. आपण बोलताना ‘चासी लेग’ म्हणतो ते पुढचे दोन दांडे बॉडीच्या फरशीलाच वेल्ड केलेले आहेत. त्यांच्यावर इंजिन बसतं, सस्पेन्शन बसतं, आणि पुढच्या चाकांचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) तिथून मागे जाऊन फरशीखालच्या आडव्या मेंबरला पकडतात. खड्ड्यात चाक गेलं की तो झटका लेग, आतलं एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा), फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पडदा) आणि फरशी अशा चौघांत वाटला जातो. बाहेरचं मडगार्ड या वाटणीत जवळपास नसतं, ते बोल्टवर आहे. पण दोन्ही एप्रनांना समोरून बांधणारा जो आडवा पत्रा आहे, रेडिएटरच्या आजूबाजूचा, तो या वाटणीत आहे. तो गेला की दोन लेग म्हणजे टोकाला न बांधलेले दोन वासे.

कलंडणाऱ्या तोंडाला वाट करून द्यायची तर मिस्त्री नेमका तोच पत्रा कापतो. दुसरा उपायच नसतो, नाहीतर शो पुढे वळणारच नाही.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी उस्तादांच्या हाताखाली होतो. रावेरकडून एक अँबॅसिडर टॅक्सी आली, मालकाला रोज उठून इंजिनात डोकं घालावं लागायचं, आणि त्याने कुठेतरी हेरल्ड बघितली होती. उस्ताद गावाला गेलेले. मी तरणा, हात सळसळत होते. अँगलची चौकट केली, मडगार्ड आणि बॉनेट तिच्यावर टाकले, आडवा पत्रा कापला, लेगच्या टोकांना जाड बिजागऱ्या मारल्या. तोंड उघडलं तेव्हा गल्लीतली पोरं बघायला जमली होती. उस्ताद परत आले, दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, “कसाले कापस रे भो?” ते हेव्याने बोलताहेत असं मला तेव्हा वाटलं.

पावसाळा संपता संपता गाडी परत आली. तक्रार इंजिनाची नव्हतीच. डावं पुढचं दार ढकलून लावावं लागत होतं. हेडलाइटचा उजेड रस्त्यावर नाचत होता, कारण लाइट आता बिजागरीवर लोंबणाऱ्या वजनात बसले होते. वायर रोज वाकून वाकून तुटली होती. (खऱ्या हेरल्डमध्येही लाइटच्या वायरी त्या बॉनेटमध्येच जातात आणि जुन्या हेरल्डवाल्यांना ते दुखणं ठाऊक आहे.) गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) घेतली, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजले. अकरा मिलिमीटरचा फरक. लेग फाकले होते. आडवा पाइप टाकून, ओढून, टाके मारून तीनवर आणला, त्याच्या खाली तो कधीच आला नाही. पैसे घेतले नाहीत, घ्यायला तोंड नव्हतं.

तेव्हा कुणी मिस्त्री “आपण मजबूत अँगल टाकू” म्हणाला तर त्याला विचारा, कापायच्या आधी कर्ण मोजणार का, आणि कापताना दोन लेगांच्या मधे तात्पुरती आडवी काठी वेल्ड करून ठेवणार का. उत्तर देताना तो पान थुंकायला बाहेर गेला तर गाडी घेऊन घरी या.

बरं, आता तुमच्या कंबरेचं. मला वाटतं खरा प्रश्न इंजिन दिसण्याचा नाहीच. अँबॅसिडरच्या बॉनेटखाली इतकी जागा आहे की आजच्या गाड्यांवर काम करणारी पोरं ती बघून हसतात. प्रश्न अंतराचा आहे. ते फुगीर मडगार्ड तुम्हाला इंजिनापासून हातभर लांब उभं करतं, आणि मग तुम्ही त्याच्यावर पोट टेकवून वाकता. या इंजिनात स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि ऑइल फिल्टर ड्रायव्हर साइडला आहेत, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे. म्हणजे तुमचं बारा आणे काम ड्रायव्हर साइडचं. त्या एका बाजूचं मडगार्ड सहज निघेल असं करून घेतलं आणि चाक उतरवलं, की एप्रनला लागून पाटावर बसून काम होतं. टायरवर बसण्याची हौस पाटावर भागते.

मडगार्ड मुळात बोल्टवर असलं तरी पन्नास वर्षांत ते तसं राहिलेलं नसतं. कुठल्या तरी डेंटरने बोल्ट तुटला म्हणून टाका मारलेला असतो, दुसऱ्याने सांध्यात लांबी (पुटी) भरून वरून रंग ओढलेला असतो. आधी बारीक ब्लेडने सांध्यावरचा रंग चिरून घ्या, नाहीतर मडगार्डबरोबर दरवाज्यापुढच्या खांबावरचा रंगही पापुद्र्यासारखा निघून येतो. टाके असतील तर ते ग्राइंडरने खरवडायचे नाहीत, स्पॉट कटरने गोल कापून काढायचे. ग्राइंडर शेजारचा पत्रा पातळ करतो आणि ते दोन वर्षांनी गंजातून कळतं.

एकदा मडगार्ड बाहेर आलं की त्याच्या मागे जे दिसेल त्याची तयारी ठेवा. खान्देशात गंज कोकणासारखा नसतो, पण मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात काळी माती साठते, पावसाळ्यात ती ओली राहते, आणि तिथला पत्रा बिस्किटासारखा होतो. तो कापून नवा वीस गेजचा सीआर पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिमी, तिथे बसवा. वेल्डिंग सीओटू मशीनने. गॅसच्या ज्योतीने केलं तर पत्रा लाटा मारतो आणि मग त्या लाटा लपवायला पुन्हा लांबी आली. एका जागी सलग ओढायचं नाही, इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. बॅटरीच्या दोन्ही तारा आधी काढा, पेट्रोलची नळी बुच मारून बाजूला करा. हे दरवेळी सांगायला लागतं, म्हणून दरवेळी सांगतो.

मग बोल्ट. ही गाडी इंग्रजी कुळीची, आटे इंची. बाजारात मिळतो म्हणून मेट्रिक बोल्ट कोंबू नका, दोन फेऱ्या जातो आणि तिसऱ्या फेरीला आटा खातो. मडगार्डला दोन सुती (पाव इंची) आणि अडीच सुती (५/१६ इंची) बोल्ट पुरतात, जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. स्टीलचे चमकदार बोल्ट छान दिसतात, पण साध्या लोखंडी पत्र्याला ओलीत स्टील चिकटलं की गंज पत्र्यालाच धरतो. मागून नट धरायला जिथे हात पोहोचत नाही तिथे पिंजरा नट बसवा, आणि प्रत्येक आट्याला तांब्याचं ग्रीस. सांध्यात रबरी बीडिंग टाका, लांबी नको. एवढं केलं की पुढच्या वेळी तुमचा मुलगा नाश्त्याआधी मडगार्ड उतरवून ठेवेल.

बॉनेटही तसंच. ते काठीवर उभं ठेवून खाली डोकं घालण्यापेक्षा मोठ्या कामाला सरळ उतरवावं. बिजागरीच्या पट्टीभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना गॅप शोधत बसावं लागत नाही. दोघं जण लागतात, वजन चांगलंच आहे, आणि काचेवर गोधडी टाकून ठेवा. काही जण काठीऐवजी गॅसचे दांडे लावतात. चालतं, पण दांडा जिथे ढकलतो तिथला बॉनेटचा आतला सांगाडा आधी भक्कम करा. जास्त ताकदीचा दांडा लावलेलं एक बॉनेट मी मधोमध कमान झालेलं बघितलंय.

क्लचचं तुम्ही दुसऱ्या ओळीत विचारलंय. तोंड कलंडवून क्लचला काडीचा फायदा नाही. त्याला खालून जायचं असतं, आणि त्यासाठी खड्डा हवा. अंगणात जागा असेल तर तोंड कापायच्या पैशात खड्डा बांधून होईल, वर चेन ब्लॉकसाठी गर्डरही. इंजिन दीडशे किलोच्या वर आहे, ते लिंबाच्या फांदीला टांगायचे दिवस गेले. मीही टांगलंय, फांदी मोडली नाही हे माझं नशीब.

क्लच हाउसिंगचे वरचे बोल्ट मात्र खरंच जिवावर येतात. एकच ठिकाण मी कापायला तयार होतो ते इथे, केबिनमधून, गिअरबॉक्सवरच्या टनेलच्या फुगवट्यात, गालिच्याखाली. साधारण १५० बाय १०० मिमीची खिडकी. कुठे पाडायची हे वरून अंदाजाने ठरवायचं नाही. खालून बोल्टच्या रेषेत बारीक ड्रिलने एक भोक वर काढायचं, मग त्या भोकाला धरून वर आखणी करायची. फरशीखालच्या आडव्या मेंबरपासून आणि टॉर्शन बारच्या पकडीपासून चार बोटं तरी दूर. कोपरे काटकोनात कापू नका, भेग नेहमी कोपऱ्यातूनच सुरू होते. आधी चारही कोपऱ्यांत पंचवीस-तीस मिमीची गोल भोकं पाडा आणि मग ती सरळ कापांनी जोडा. आधी ग्राइंडर चालवून नंतर कोपरे गोल करतो म्हणणारा करत नाही.

खिडकीच्या कडेला अठरा गेजची, म्हणजे साधारण १.२ मिमीची, दीड इंची चौकट आतून वेल्ड करायची. जेवढा पत्रा काढला तेवढी ताकद परत द्यायची, हा हिशेब. चौकटीला रिव्हेट नट बसवून वर झाकण, झाकण चारी बाजूंनी वीस मिमी बाहेर, आणि बोल्ट सत्तर मिमीच्या आत आत. अंतर जास्त ठेवलं तर झाकण मधेच फुगतं आणि इंजिनाचा वास पायाशी येतो. खाली बंद पेशींचा स्पंज लावा, साधा फोम पाणी पितो. कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर. उद्यावर टाकलं तर आषाढात ती कड रात्रीत तांबडी होते.

आमच्याकडच्या उन्हाळ्याचं एक सांगतो, कारण तुमच्या मिस्त्रीने बॉनेटला जाळ्या पाडायचंही सुचवलंय. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गाडी लालिंग घाटात किंवा चाळीसगावच्या घाटात तापली की जो तो बॉनेटकडे बघतो. काही जण बिजागरीखाली वॉशर टाकून बॉनेटची मागची कड बोटभर उचलून ठेवतात. गाडी उभी असताना त्यातून गरम हवा निघते हे खरं. पण गाडी पळू लागली की काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते, आणि इंजिनाचा धूर केबिनच्या हवेच्या तोंडाशी जातो. जाळ्या पाडल्या तर पहिल्या वळवाच्या पावसात डिस्ट्रिब्युटरवर पाणी. त्यापेक्षा रेडिएटर उघडून रॉडिंग करा (आतल्या नळ्या सळईने साफ करा), पंख्याचा पट्टा ताणा, थर्मोस्टॅट तपासा. बॉनेट निर्दोष आहे.

कायद्याचंही ऐका, हे तुमच्या गाडीला फारच लागू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. बोल्ट बदलणं, गंजका पत्रा तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती. तोंड कापून कलंडतं करणं हा बदल. शिवाय जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे केंद्रीय नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची १९७३ ची बसतेच. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढे पाच हजार, आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. तुम्हाला आज विंटेज करायची नसेलही, कारण मग रोजच्या वापराला ती काढता येत नाही. पण नातवाला उद्या करावीशी वाटली तर कापलेलं तोंड आडवं येईल. टनेलमधल्या खिडकीबद्दलही म्हणूनच सांगतो, कापलेला तुकडा फेकू नका, तेल लावून डिकीत ठेवा. परत बसवता येतो.

माझं मत विचाराल तर क्रम असा धरा. आधी ड्रायव्हर साइडचं मडगार्ड, मग खड्डा. खिडकीची पाळी पुढच्या क्लचच्या वेळी बघू, कदाचित खड्डा झाल्यावर तुम्हाला ती लागणारही नाही. क्लीनर साइडचं मडगार्ड उगाच हलवू नका, एक बाजू मूळ राहिली तर दुसऱ्या बाजूच्या गॅपला माप मिळतं.

गाडी माझ्याकडे आणायची असेल तर पोळा झाल्यावर आणा. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याला हात लावत नाही आणि तापलेल्या पत्र्यावर बसवलेला गॅप थंडीत वेगळाच निघतो. यायच्या आधी आठ दिवस रोज संध्याकाळी मडगार्डच्या प्रत्येक बोल्टला डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं अर्धं करून पाजत जा. चाकाच्या आतून, वरून नव्हे. आणि येताना वडिलांच्या वेळचं जुनं बिल, फोटो, काही असेल ते घेऊन या, बीडिंग मूळ कुठल्या रंगाची होती ते त्यातून कळलं तर बरं.